नाव मोठे की आवाज?

मुलांनो, दुकानात एखादी वस्तू घ्यायला गेल्यावर आपण आधी काय पाहतो? खरे सांगायचे तर आपण वस्तू नंतर पाहतो, आधी तिच्यावरचे नाव पाहतो. बूट असोत, सायकल असो की साधी वही असो, नाव ओळखीचे निघाले की आपला हात खिशाकडे जातो. ही सवय चांगली की वाईट? मला याचा विचार एका गिटारमुळे करावा लागला.

आम्ही वसई तालुक्यातल्या वटार गावी राहतो. समुद्र जवळ असल्यामुळे वाऱ्यात नेहमी ओलावा असतो. वसईच्या या पट्ट्यात गिटार काही नवी नाही. ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नांत, नाताळच्या गाण्यांत ती हमखास ऐकू येते. आमच्या शेजारच्या मुलालाही तिचा नाद लागला. तो अकरावीत आहे. मित्राची गिटार मागून आणून तो दोन वर्षे शिकला. त्याची धाकटी बहीण आठवीत आहे. भाऊ वाजवत असला की ती समोर बसून त्याची बोटे पाहत असे.

त्यांची आई फुले विकते. पहाटे उठून टोपली घेऊन ती लोकलने मुंबईला जाते. एका संध्याकाळी ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, "सर, पोरांसाठी वीस हजार साठवले आहेत. गिटार एकच येईल, पण ती दोघांनी वाजवायची, ही माझी अट आहे. दुकानदार दोन कंपन्यांची नावे सांगतो. त्यांतली कोणती घ्यावी?"

ती दोन नावे होती यामाहा आणि फेंडर. मुलाचे मत आधीच ठरले होते. तो म्हणाला, "सर, यामाहाच! बाबांची आरएक्स हंड्रेड अजून एका किकमध्ये सुरू होते."

मला हसू आले, पण त्याचे म्हणणे समजलेही. मी त्याला या दोन्ही नावांची गोष्ट सांगितली. तोराकुसू यामाहा या जपानी कारागिराने 1887 साली एक बिघडलेली बाजाची पेटी दुरुस्त केली. तिथूनच त्याच्या वाद्यांच्या उद्योगाला सुरुवात झाली. मोटारसायकली बनवणारी कंपनी 1955 साली वेगळी झाली. यामाहाच्या चिन्हात आजही सूर जुळवण्याचे तीन चिमटे दिसतात. म्हणजे मोटारसायकलीवरचे चिन्हसुद्धा मुळात संगीताचे आहे! फेंडरची गोष्ट अमेरिकेतली. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने 1946 साली कंपनी काढली. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या कंपनीचे नाव जगभर झाले ते विजेवर चालणाऱ्या गिटारींमुळे.

आता विचार करा. एक नाव आपल्या ओळखीचे झाले मोटारसायकलीमुळे, दुसरे विजेच्या गिटारीमुळे. आपल्याला घ्यायची होती साधी, लाकडी गिटार. मोटारसायकल एका किकमध्ये सुरू होते म्हणून गिटार गोड वाजेल, असे कसे म्हणता येईल?

मग पाहायचे तरी काय? याचे उत्तर एका शब्दात दडलेले आहे आणि तो शब्द तुम्हा उर्दू शिकणाऱ्या मुलांना चांगला ठाऊक आहे. 'गिटार' हे नाव मूळ ग्रीक 'किथारा'पासून आले. अरबीत ते 'कीतारा' झाले, स्पॅनिशमध्ये 'गितार्रा' झाले आणि पुढे जगभर पसरले. गिटारीचे एक जुने नातलग वाद्य आहे, अरबी 'ऊद'. ऊद या शब्दाचा अर्थ लाकूड. आपण घरात सुगंधासाठी ऊद जाळतो, तो शब्दही हाच. मराठीत आणि उर्दूत तो सारखाच आहे. तारेचे वाद्य म्हणजे आधी लाकूड, हे जुन्या लोकांनी नावातच सांगून ठेवले आहे.

गिटारीची तार छेडली की घोडी हलते. घोडी जिच्यावर बसवलेली असते ती वरची फळी थरथरते. या थरथरीतूनच आवाज मोठा होतो. ही फळी दोन प्रकारची असते. स्वस्त गिटारींत पातळ थर चिकटवून ती बनवतात, आपल्या प्लायवूडसारखी. ती टिकाऊ असते, पण तिचा आवाज थोडा दबलेला असतो. दुसऱ्या प्रकारात फळी अखंड लाकडाची असते. तिचा आवाज मोकळा येतो. दुकानदाराने सांगितलेल्या दोन्ही गिटारींची, म्हणजे यामाहाच्या एफजी 800 आणि फेंडरच्या सीडी 60 एस यांची, वरची फळी अखंड स्प्रूसची असते. स्प्रूस हे थंड प्रदेशातले सूचिपर्णी झाड आहे. त्याची एक जात आपल्या हिमालयातही वाढते. किमतीतही दोन्ही गिटारी एकमेकींच्या जवळपास. म्हणजे नावे बाजूला ठेवली, तर दोघी बऱ्याच सारख्या निघाल्या. मग निवड करणार कोण? माझे मत असे की निवड कानाने आणि हाताने करावी.

हे मी अनुभवाने सांगतो. बी.एड. करत असताना मीही एक गिटार घेतली होती. कोणत्या कंपनीची, ते महत्त्वाचे नाही. दिसायला चकचकीत होती, पण तारा पडद्यांपासून फार उंच होत्या. त्या दाबताना बोटे सोलून निघत. मला वाटले, दोष माझाच आहे, मला संगीत येणारच नाही. दोन महिन्यांत गिटार कपाटावर गेली. पुढे एका जाणकाराने ती हातात घेतली आणि सांगितले की, या तारा कोणालाही जड जातील. तोपर्यंत माझी हौस मात्र संपली होती. चुकीचे वाद्य नुसते पैसे घेत नाही, शिकणाऱ्याचा आत्मविश्वासही घेते.

एका रविवारी आम्ही नालासोपाऱ्याहून लोकल पकडली आणि मुंबईला धोबीतलावाजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. मी दुकानदाराला विनंती केली, "दोन्ही गिटारी एकाच सुरात लावा. आम्ही पाठ करून उभे राहतो. तुम्ही तीच धून दोन्हींवर वाजवा आणि नाव सांगू नका." त्याने आनंदाने तसे केले. मुलाने डोळे मिटून ऐकले आणि पहिली गिटार पसंत केली. तिचा खालचा सूर त्याला जास्त भरदार वाटला. ती यामाहा निघाली. त्याचा चेहरा खुलला.

मग बहिणीची पाळी आली. ती दोन्ही गिटारी मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. यामाहावर तिला बोटे ताणावी लागत होती. फेंडरवर ती जरा सहज बसत होती. कारण साधे होते. यामाहाच्या त्या गिटारीत तारेची वाजणारी लांबी 650 मिलिमीटर असते, तर फेंडरमध्ये सुमारे 643. फरक फक्त सात मिलिमीटरचा, पण तार जेवढी आखूड तेवढा तिचा ताण थोडा कमी. शिवाय फेंडरच्या दांडीच्या कडा गोलसर केलेल्या असतात. मोठ्या हाताला हा फरक जाणवणारही नाही. आठवीतल्या मुलीच्या हाताला तो जाणवला.

आता एकाचा कान एकीकडे आणि दुसरीचा हात दुसरीकडे. आई काही बोलली नाही, नुसती मुलाकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने मुलगाच म्हणाला, "सर, फेंडर घेऊ या. मला दोन्ही वाजवता येतात. तिला जी जमणार नाही, ती घरात माझ्या एकट्याचीच होऊन बसेल."

मला विचाराल तर त्या दिवशीचा सर्वांत चांगला सूर तो होता. तो एकटाच वाजवणार असता, तर मी त्याला यामाहाच घे म्हटले असते आणि तेही बरोबरच ठरले असते. 'सर्वांत चांगली गिटार कोणती?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणासाठी?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

काही जण म्हणतील, "मग नावाला काहीच किंमत नाही का?" आहे. नावाजलेल्या कंपनीचा माल बहुधा तपासून बाहेर पडतो. बिघाड झाला तर विचारायला जागा असते. उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळते. म्हणून शंभर गिटारींतून दोन निवडताना नावाचा उपयोग जरूर करावा. पण त्या दोहोंतून एक निवडताना नाव झाकून ठेवावे. नाहीतर 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' अशी गत होते.

आणखी एक गोष्ट. हातातले सगळे पैसे गिटारीवर घालू नयेत. थोडे पैसे पेटीसाठी, जादा तारांसाठी आणि तारांची उंची नीट करून घेण्यासाठी राखावेत. बाराव्या पडद्यावर ती उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असली की शिकणाऱ्याला बरे पडते. आपल्या किनाऱ्यावर तर ही काळजी हवीच. अखंड लाकडाला साधारण पन्नास टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्या पुढे जाते. लाकूड फुगते, फळी वर येते, तारा उंच होतात, खाऱ्या हवेने त्यांना गंज चढतो. पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगून ठेवू नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि गिटार पेटीत बंद करावी. पेटीत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवाव्यात.

आता संध्याकाळी शेजारून दोन प्रकारचे वाजवणे ऐकू येते. एक सफाईदार, एक अडखळणारे. अडखळणारे वाजवणे दर आठवड्याला थोडे सुधारते आहे. फुलांची टोपली रिकामी करून आलेली आई ओट्यावर बसून ऐकते. गिटारीवर कोणते नाव लिहिले आहे, हे तिने अजून वाचलेलेही नाही.

मुलांनो, तुम्ही उद्या गिटार घ्याल किंवा घेणार नाही. पण काही ना काही नक्की निवडाल. तेव्हा नाव जरूर वाचा. मग त्यावर हात ठेवा आणि स्वतःच्या कानांनी ऐका.