आवाजाची नस आणि दवाखान्याचे बिल

आम्ही पेशाने शिक्षक. आवाज हेच आमचे भांडवल. गेल्या वर्षी आमच्या एका सहकारी शिक्षिकेच्या थायरॉईड ग्रंथीची शस्त्रक्रिया एका खाजगी दवाखान्यात झाली. या ग्रंथीला लागूनच आवाजाची नस जाते. तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो, कधी कायमचा. म्हणून घशातील श्वासाच्या नळीवर तारा बसवून, नसेला हलकीशी वीज देऊन, ती शाबूत आहे की नाही हे यंत्रावर पाहतात. बाईंचा आवाज सुखरूप राहिला. परंतु बिलात यंत्राचे पैसे वेगळे लागले आणि ते कुणी आधी सांगितले नव्हते.

या बाबतीत नेदरलँड्सचा दाखला पाहण्याजोगा आहे. तेथे २००५ पासून निदान ते उपचार या सगळ्याचे मिळून एकच बिल होते. त्याला ‘डीबीसी’ म्हणतात. २०१२ साली ही पद्धत सुधारून सुमारे ४,४०० गट ठरवले गेले. रुग्णालय प्रत्येक कामाचा सांकेतिक क्रमांक नोंदवते, पण रुग्णापुढे एकच रक्कम येते. काही महागडी औषधे व अतिदक्षता विभाग यांचा आकार तेवढा वेगळा असतो. विमा सर्वांना सक्तीचा आहे, आणि प्रौढ माणूस वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतः भरतो.

अमेरिकेत याच्या उलट. तेथे नसेवरील देखरेखीला स्वतंत्र क्रमांक आहेत. शस्त्रक्रियेच्या खोलीत बसून एकाच रुग्णाकडे लक्ष दिले तर ९५९४०, दर १५ मिनिटांना एक. बाहेरून पाहिले तर ९५९४१, तासाच्या हिशोबाने.

दोन्हींत खोट आहे. मिनिटे मोजली की मिनिटे वाढवण्याचा मोह होतो. एकच रक्कम ठरली की यंत्र न लावता पैसे वाचवण्याचा मोह होतो. तरीही आम्हाला डच पद्धत बरी वाटते, कारण आजारी माणसाला हिशोब तपासत बसावे लागत नाही.

आपल्या बेटावर सरकारी इस्पितळात उपचार मोफत आहेत, ही मोठी गोष्ट आहे. खाजगीत मात्र जपून असावे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे वडीलधाऱ्यांनी शिकवले, पण अंथरूणच कुणी दाखवले नाही तर? म्हणून शस्त्रक्रियेआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: एकूण खर्च किती, नसेचे यंत्र लावणार का, आणि त्याचे पैसे त्यातच धरले आहेत का. डॉक्टरांना विचारणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही शाबासकीच देतो.