‘अ‍ॅक्टिव्ह बेसला पेडल मानवत नाही’ म्हणे!

बेस गिटार वाजवणारे चार जण जमले आणि पेडलचा विषय निघाला, की एक मत हमखास ठासून मांडलं जातं. पेडल लावायची असतील तर बेस पॅसिव्हच हवा. अ‍ॅक्टिव्हचा सिग्नल आधीच तापलेला. त्यापुढे फझ चिरकतो, फिल्टर बावचळतो, ओव्हरड्राइव्हचा पार चोथा होतो. हे सांगणारी मंडळी हवेत बोलत नसतात. चिरकलेला फझ त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला असतो. पण जे ऐकलं ते खरं, म्हणून त्याचं लावलेलं कारणही खरं, असं थोडंच आहे? या कारणापायी चांगल्या बेसमधला प्रीअँप उचकटून काढणारे महाभागही असतात, म्हणून हा खटाटोप.

आधी फरक नेमका कशात आहे ते पाहू. 1951 च्या फेंडर प्रिसिजनमध्ये पिकअप, व्हॉल्यूमचा पॉट, टोनचा पॉट आणि जॅक, एवढाच संसार; हा पॅसिव्ह बेस. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये पिकअप आणि जॅक यांच्या मध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअँप येऊन बसला; हा अ‍ॅक्टिव्ह. त्यामुळे सूर नुसते कापता नव्हे, वाढवताही येऊ लागले. शिवाय आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, पार खाली आला. पेडलला बेसवरचं लेबल वाचता येत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: येणारा सिग्नल किती मोठा आहे, आणि तो किती इम्पीडन्समधून येतो आहे.

आता पॅसिव्हवाद्याचा पेडलबोर्ड बघा. पहिल्या घरात बहुधा ट्यूनर असतो, आणि पुष्कळदा तो बॉसचा टीयू-थ्री. हा ट्यूनर बंद असला तरी सिग्नल त्याच्या बफरमधून जातो. बफर आवाज वाढवत नाही, पण इम्पीडन्स खाली आणतो. अ‍ॅक्टिव्ह बेसमधल्या प्रीअँपचं अर्धं काम तेच. म्हणजे ट्यूनरच्या पलीकडच्या एकाही पेडलपर्यंत ‘पॅसिव्ह’ बेस पोचलेलाच नसतो. असा बोर्ड वर्षानुवर्षं पायाखाली ठेवून अ‍ॅक्टिव्हला नावं ठेवणं म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीत कांदा घालून उपास पाळणं.

‘मग बफरच नको, सगळी पेडलं ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारी घेऊ,’ असं कोणी म्हणेल. घ्या, पण हिशेब करून घ्या. पॅसिव्ह बेसच्या 250 किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटचा रोध बरोबर मध्यावर विभागला गेला, तर त्या पॉटमुळेच आउटपुट इम्पीडन्स सुमारे 62 किलोओहम होतो. केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धरा. सहा मीटरच्या केबलवर सव्वाचार हजार हर्ट्झच्या वरचे सूर गळू लागतात. पेडलं बंद असताना बोर्डापासून अँपपर्यंतची आणखी सहा मीटर त्यात मिळवली, की ही मर्यादा एकवीसशेच्या आसपास येते. बोटाचा ठसका आणि तारेची खणखण याच पट्ट्यात असते. मग वाजवणारा म्हणतो, पेडलनं टोन खाल्ला. अ‍ॅक्टिव्ह बेसला एवढ्या केबलचं काहीच वाटत नाही. तेव्हा लांब बोर्ड असणाऱ्यानं तर अ‍ॅक्टिव्हचे आभार मानायला हवेत.

फझचा मुद्दा मात्र प्रतिपक्षाला द्यायलाच हवा, पण अर्धाच. 1966 साली आलेल्या फझ फेसचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी, की पिकअप त्या सर्किटचाच भाग होऊन बसतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ निवळतो, ते यामुळेच. त्याच्या तोंडाशी अ‍ॅक्टिव्ह बेस दिला की ही गंमत जाते आणि आवाज कर्कश होतो. पण तिथे ट्यूनरचा बफर आला तरी तेच होतं! आणि हे साऱ्या फझना लागू नाही. बिग मफच्या बहुतेक आवृत्त्यांत इनपुटलाच तीस-चाळीस किलोओहमचा रेझिस्टर असतो. पुढे कोण आलंय याची तो फारशी चौकशी करत नाही. एका जातीच्या पेडलचा स्वभाव अख्ख्या पेडलबोर्डाच्या माथी मारायचं कारण नाही.

राहिला ‘तापलेल्या’ सिग्नलचा आक्षेप. प्रीअँपवर बास 12 डेसिबल वाढवला की त्या पट्ट्यातलं व्होल्टेज चौपट होतं. नऊ व्होल्टच्या पेडलमध्ये सिग्नलला जेमतेम चार व्होल्ट वर आणि चार खाली एवढीच जागा, त्यात स्लॅपचा एखादा जोरकस ठोका. मग चोथा होणारच. पण ती बासची मूठ फिरवली कोणी? मधोमध ठेवलेल्या ईक्यूवर पुष्कळ अ‍ॅक्टिव्ह बेस पॅसिव्हच्या आसपासच आवाज देतात. एन्व्हलप फिल्टरला तर किती आवाजावर उघडायचं ते सांगायची मूठ 1972 च्या म्यु-ट्रॉन थ्रीपासून आहे. ती न फिरवता बेसला दोष द्यायचा हा कुठला न्याय? ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ (1991) या अल्बमवर बेसवादक फ्लीच्या हातात मुख्यतः वॉल कंपनीचा अ‍ॅक्टिव्ह बेस होता, आणि त्यातल्या ‘सर सायको सेक्सी’त त्याचा फिल्टर काय मजेत बोलतो ते ऐका.

दुसऱ्या टोकाचे लोकही काही कमी नाहीत. अठरा व्होल्टचा प्रीअँप म्हणजे पेडलसाठी आदर्श, असं ते छातीठोकपणे सांगतात. अठरा व्होल्टमुळे बेसच्या आतली जागा वाढते, पुढच्या नऊ व्होल्टच्या पेडलची नाही. उलट त्याला फोडणं आणखी सोपं होतं. शिवाय प्रीअँपवर वाढवलेल्या ट्रेबलबरोबर जी सरसर येते, ती पुढचा कॉम्प्रेसर दोन सुरांच्या मधल्या शांततेत अगदी इमानेइतबारे वर उचलतो.

तेव्हा बेस कुठलाही असो, जुन्या घाटाचा फझ सगळ्यात आधी, ट्यूनर आणि बाकीचे बफर त्याच्या मागे. अ‍ॅक्टिव्ह बेसवर पॅसिव्हचं बटण असेल तर फझच्या गाण्यापुरतं ते दाबावं. ईएमजीसारख्या पिकअपच्या पोटातच प्रीअँप असतो, तिथे या बटणाचा उपाय नाही. मग फझच्या इनपुटला दहा ते पन्नास किलोओहमचा एक पॉट मालिकेत लावून कानाला पटेल तिथे ठेवावा. ओव्हरड्राइव्हच्या आधी बास वाढवू नये, हवा तर नंतर वाढवावा. आणि केबल बेसमध्ये खोचलेलीच राहिली की बॅटरी उगाच जळत राहते, ती संपत आली की मरणपंथाला लागलेला प्रीअँप फाटक्या आवाजात बोलतो. त्या फाटक्या आवाजाचं खापरही पुष्कळदा बिचाऱ्या पेडलवरच फुटतं.