पाळणा कोणाचा?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. पाळणा कोणाचा, हा प्रश्न मात्र ती उच्चारताना कोणी विचारीत नाही. ऊसतोड मजुराचे मूल फडाच्या बांधावर साडीच्या झोळीत निजते. त्याचेही पाय दिसतच असतात. पण ते पाहावयाचे डोळे दिवसभर कोयत्याला बांधलेले असतात.

सुस्थित घरांत तान्ह्या मुलाची प्रज्ञा लवकर हेरण्याचा सोस वाढला आहे. भोवतालाविषयीची विलक्षण जागरूकता, वस्तूवर दीर्घ काळ खिळणारी नजर, लवकर फुटलेली वाचा, तल्लख स्मरण, एकाच खेळात रमून जाणे, 'का' आणि 'कसे' यांचा भडिमार, ही लक्षणे जाणकार सांगतात. ती खोटी नव्हेत. परंतु तो केवळ संकेत आहे, निवाडा नव्हे. अमेरिकेत बर्कले येथे १९२८ साली सुरू झालेल्या अभ्यासात नॅन्सी बेली यांनी तीच मुले वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तपासली. पहिल्या वर्षातील गुणांवरून पुढील बुद्धिमत्तेचे भाकीत करता येत नाही, असेच त्यातून दिसून आले.

बुद्धिमापनाचा इतिहासही बोलका आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने यांनी पहिली कसोटी रचली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना साहाय्य मिळावे म्हणून. अमेरिकेत टर्मन यांनी त्याच मोजपट्टीची निवडीची शिडी केली. वंशशुद्धीच्या विचाराचे ते पुरस्कर्ते होते, हे विसरता येत नाही. १९२१ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार बुद्धिमान मुलांचा अभ्यास हाती घेतला. त्या चाळणीतून गळालेल्यांपैकी शॉक्ली आणि अल्वारेझ या दोघांना पुढे १९५६ व १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. शाळकरी मुलांविषयी चाळणी इतकी चुकते, तर पाळण्यातील बालकाविषयी ती काय सांगणार?

म्हणून 'प्रतिभा' हा शब्दच भांडवली थोतांड आहे, असे काही कार्यकर्ते म्हणतात. हा उतावळेपणा आहे. समता म्हणजे सर्व मुले एकसारखी, असे नव्हे. निसर्गाने दिलेली देणगी जातीचा दाखला पाहून वाटली जात नाही. म्हणूनच ती वस्त्या-पाड्यांवर वाया जाणे हा अन्याय आहे. एकच लक्षण बंगल्यात 'जिज्ञासा' म्हणून कौतुकाला पात्र होते आणि झोपडीत 'आगाऊपणा' म्हणून दटावले जाते. घरी कोरकू बोलणारे तीन वर्षांचे मूल प्रमाण मराठीतील प्रश्नापुढे गप्प राहिले, की ते मंद समजले जाते. दोष मुलाच्या बुद्धीचा नसतो, विचारणाऱ्याच्या कानाचा असतो.

त्यातही पोटाचा प्रश्न आधी येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे; सहा महिने ते पाच वर्षे या वयातील सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. लोहाच्या अभावी मूल मलूल होते, त्याचे लक्ष टिकत नाही, कुतूहल मावळते. ज्या लक्षणांवरून प्रज्ञा ओळखावयाची, तीच भूक पुसून टाकते.

हे अटळ नाही. जमैकात १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या बालकांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जात. मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे, हे त्या आईला दाखवीत. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई, अशी भेट न लाभलेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. तेथे हुशार मूल निवडले गेले नव्हते. गरजू मुलाला संधी दिली गेली होती.

महाराष्ट्राला हा मार्ग परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व नंतर कोसबाडला, मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. तान्ह्या मुलांना रोज पाहणारे, त्यांची बोली जाणणारे माणूस गावात कोणी असेल, तर ती अंगणवाडी सेविका. पण शासनाच्या लेखी ती 'मानसेवी'. तिला वेतन नव्हे, मानधन. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा उपदानाचा हक्क मान्य केला, तरी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविकांना आपल्या मागण्यांसाठी संपावर जावे लागले. वजनाच्या नोंदी आणि मोबाइलवरील माहिती भरण्यात जिचा दिवस सरतो, तिने मुलाच्या डोळ्यांतील चमक केव्हा टिपावी?

सेविकेला नियमित वेतन, तिच्यावरील कागदी कामाचा भार कमी, मुलाच्या मातृभाषेत खेळ व गोष्टी, आणि ऊसतोडीच्या तळांवर हंगामभर पाळणाघर, या मागण्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेपुढे मांडल्या पाहिजेत. नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा पाचवीत येते. तोवर अनेक मुलांची उमेद विझलेली असते. ती विझण्यापूर्वी ओळखणे हे समाजाचे काम आहे. त्यासाठी बुद्ध्यंकाची फूटपट्टी लागत नाही. भरलेले पोट आणि जवळ बसून ऐकणारे एक मोठे माणूस, एवढे प्रत्येक मुलाला मिळाले पाहिजे.