छायाचित्र कोणाचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की शहरोशहरी करिअर मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीपलीकडच्या वाटा दाखविणाऱ्या वक्त्यांच्या यादीत अलीकडे छायाचित्रणाला हमखास स्थान असते. आवडीचेच काम करा, पैसा आपोआप मागे येईल, या सल्ल्याला टाळ्याही पडतात. सल्ला खोटा नाही. अपुरा मात्र आहे. छायाचित्रकाराला पैसे कोण देतो, कशाचे देतो आणि ते दिल्यानंतर छायाचित्र कोणाचे होते, हे प्रश्न अशा व्यासपीठांवर क्वचितच निघतात. या व्यवसायात टिकून राहणे आणि त्यात समाधान मिळणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्याच उत्तरांवर अवलंबून आहेत.

हौशीकडून व्यवसायाकडे जाणारी ही वाट तशी जुनी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्यानंतरच्या पिढीतील सर्वांत मोठे नाव लाला दीनदयाळ यांचे. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकलेले दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस होते. तेथे असताना १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि नाव झाल्यावर, पुढच्या दशकात, नोकरी सोडली. हैदराबादच्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादपाठोपाठ १८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. अभियंत्याचा छायाचित्रकार होणे ही आजच्या पिढीची बंडखोरी मानली जाते. तिला दीडशे वर्षांची परंपरा आहे!

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण गौतम राजाध्यक्ष यांचे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारा हा तरुण १९७४ मध्ये ‘लिंटास’ या जाहिरात संस्थेत दाखल झाला. तेथे छायाचित्र विभाग सांभाळत असतानाच १९८० पासून त्यांनी चित्रपटतारकांची व्यक्तिचित्रे टिपण्यास प्रारंभ केला आणि पूर्णवेळ स्वतंत्र व्यवसाय स्वीकारला तो १९८७ मध्ये. त्यांच्या कारकिर्दीची झळाळी सर्वांना आठवते, त्याआधीची तेरा वर्षांची पगारी नोकरी कोणी आठवत नाही. दीनदयाळ काय किंवा राजाध्यक्ष काय, दोघांनीही गिऱ्हाईक मिळाल्यानंतरच नोकरी सोडली. छंदासाठी राजीनामा फेकणाऱ्यांच्या कथा ऐकायला रोमांचक असतात. त्यातील यशस्वी तेवढ्याच आपल्या कानावर येतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

त्या काळी महाग कॅमेरा, रोल आणि डार्करूममधील कसब यांमुळे व्यवसायाला आपोआप कुंपण होते. ते आता उरलेले नाही. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२० मध्ये हा आकडा एक कोटीच्याही खाली आला. छायाचित्रे कमी झाली म्हणून नव्हे, तर प्रत्येकाच्या खिशात फोन आला म्हणून. ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाने मे २०१३ मध्ये आपले सर्व २८ छायाचित्रकार एका दिवसात कमी केले आणि वार्ताहरांना फोनवर छायाचित्रे काढण्यास सांगितले. वृत्तपत्रीय छायाचित्रण ही एके काळी अनेकांसाठी छंदातून नोकरीत शिरण्याची पहिली पायरी होती. ती जगभर अरुंद होत गेली.

मग पैसा कोठे आहे? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर लग्नात. फॅशन, खाद्यपदार्थ, औद्योगिक छायाचित्रण ही क्षेत्रे आहेत आणि मुंबई-पुण्यात ती मोठीही आहेत. पण नव्याने उतरलेल्या बहुसंख्यांचे घर चालते ते लग्नाच्या ऑर्डरींवर. तुळशीचे लग्न झाले की तारखा भरू लागतात आणि चातुर्मासात कॅमेरे विश्रांती घेतात. चार-सहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा प्रपंच, कॅमेऱ्याचे हप्ते आणि मदतनिसांची मजुरी भागवायची. लग्नाचा दिवस तर सोपा. त्यानंतर हजारो छायाचित्रांतून निवड करणे, रंग सुधारणे, अल्बमची जुळणी करणे हे आठवड्यांचे काम असते आणि शेवटचा हप्ता त्या अल्बमवर अडकलेला असतो. हल्ली ड्रोनचीही मागणी असते. २०२१ च्या नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते, हे मात्र यजमानाच्या गावी नसते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने विवाहसोहळे २५ माणसे आणि दोन तासांवर आणले, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला हा धंदा किती ठिसूळ आहे, ते उघड झाले.

एवढी मेहनत करून काढलेले छायाचित्र छायाचित्रकाराचे असते का? बहुतेकांची समजूत तशी असते. कायदा वेगळे सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा ‘कर्ता’ ते टिपणारा असतो. परंतु याच कायद्याच्या कलम १७ मधील तरतूद अशी, की कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास त्याचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे लग्नाच्या छायाचित्रांचे मालक यजमान. ती प्रदर्शनात मांडायची, स्पर्धेला पाठवायची, किंबहुना स्वतःच्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकायची, तरी वास्तविक त्यांची अनुमती हवी. वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्याची स्थिती थोडी बरी. नियतकालिकातील प्रसिद्धीपुरता हक्क मालकाचा, बाकीचे हक्क छायाचित्रकाराचे. अर्थात नेमणुकीच्या करारात ते आधीच काढून घेतलेले नसतील तर.

आपल्या कायद्यातील ही तरतूद ब्रिटिश वळणाची आहे. गंमत अशी, की खुद्द ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने ती बदलली. तेथे आता मालकी छायाचित्रकाराची. घरगुती प्रसंगाची छायाचित्रे चव्हाट्यावर येऊ नयेत, यासाठी यजमानाला स्वतंत्र संरक्षण आहे. यजमानाची खासगीपणाची अपेक्षा आणि कलावंताचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. छायाचित्रांच्या हक्कांची मुदत कर्त्याच्या हयातीपर्यंत व त्यानंतर ६० वर्षे अशी वाढली, तीही तेव्हाच. मात्र मोबदला देणाऱ्याच्या मालकीला हात लागला नाही. मुदत वाढली, पण ज्याच्याकडे हक्कच नाही त्याला तिचा उपयोग काय?

कर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्क तेवढा कलम ५७ अन्वये विकल्यानंतरही शाबूत राहतो. त्याचे मोल होमाई व्यारावाला यांच्या उदाहरणाने कळते. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या या पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकाराची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवला आणि पद्मविभूषण मिळाले २०११ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. सुधारक ओलवे यांनी दुसरी वाट काढली. वृत्तपत्रातील काम करीत असतानाच त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे टिपले. त्या कामाची ऑर्डर कोणी दिलेली नव्हती. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची ओळख आजही त्याच छायाचित्रांशी जोडलेली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या प्रश्नाला नवी धार आणली आहे. केवळ शब्दांत वर्णन करून छायाचित्रासारखी प्रतिमा मिळू लागल्यापासून कॅटलॉग आणि किरकोळ जाहिरातींच्या कामांना धोका उत्पन्न झाला आहे. २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांनी अशाच प्रतिमेला मिळालेला सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कार नाकारून परीक्षकांची फजिती केली होती. या यंत्रणा शिकल्या त्या माणसांनी काढलेल्या असंख्य छायाचित्रांवरून. त्याचा मोबदला मागत ‘गेटी इमेजेस’ने २०२३ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा लावला, नोव्हेंबर २०२५ च्या निकालात तिच्या पदरी फारसे काही पडले नाही. भारतातही अशा मोबदल्याची चर्चा सुरू आहे. उद्या तो ठरलाच, तर तो हक्काच्या मालकाला मिळेल, आणि लग्नाच्या छायाचित्रांपुरता हा मालक छायाचित्रकार नसेल.

यावरचा उपाय कायदा बदलण्याची वाट न पाहता होण्याजोगा आहे. ‘विरुद्ध करार नसल्यास’ हे शब्द कायद्यातच आहेत. छायाचित्रांचा हक्क कोणाकडे राहील, यजमानाला कोणता वापर खुला असेल आणि कोणती छायाचित्रे कधीही प्रसिद्ध होणार नाहीत, हे ऑर्डर घेतानाच एका पानावर लिहून दोघांनी सही करणे पुरेसे आहे. तूर्त स्टुडिओच्या पावतीवर मागच्या बाजूला अटी असतातच. त्यात अॅडव्हान्स परत मिळणार नाही, हे बहुधा ठळक अक्षरांत छापलेले असते. हक्कांविषयी एक ओळही नसते.