नुसते धावून धास्ती जात नाही



व्यायाम हाच भीतीवर एकमेव उतारा, असे सांगणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यातील तीन विधाने खोडून काढणे भाग आहे.

एक, 'धावणाऱ्याला औषध-समुपदेशन लागत नाही.' पॅनिकच्या (अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांच्या) रुग्णांवरील १९९८ च्या जर्मन अभ्यासात १० आठवडे धावल्याने गुण आला, हे खरे. पण क्लोमिप्रामिन या औषधाचा गुण लवकर आणि जास्त आला. लेखकाने अर्धेच सांगितले.

दोन, 'समुपदेशन म्हणजे गप्पा.' छाती धडधडली की रुग्णाला वाटते, अ‍ॅटॅक आला. हा समज पारखायला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) ही समुपदेशनाची पद्धत शिकवते. व्यायामाची जोड इथेच हवी. रुग्ण जिना चढतो, धाप लागते, घाम फुटतो. तो थांबून नाडी मोजतो, ठोके आपोआप उतरतात. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे अंगाला पटते.

तीन, 'शेतात राबणाऱ्याला असले आजार होत नाहीत.' मग शासनाला २०१५ मध्ये वर्ध्यासह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' का आणावा लागला? कर्जाच्या घोरात केलेले डवरण म्हणजे उपचार नव्हे.

छातीत दुखले तर आधी ईसीजी काढावा. हृदय ठीक असेल, तर सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. लेखाखाली तो छापायला हवा होता. आता तरी छापावा.

— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)