गारुडी बरा म्हणायचा!

मंडळी, परवा नातू काचेच्या पेटीत साप घेऊन आला. आफ्रिकेतला बॉल पायथन. "आजोबा, चार दिवस झाले, उंदीर खात नाही. आजारी असेल का?"

म्हटलं, बाळा, चार दिवसांचा उपास सापाला काहीच नाही. पण रोज मित्र येणार, हाताळणार, फोटो काढणार, मग तो बिचारा खाईल कसा? नव्या घरी आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. लपायला जागा, स्वच्छ पाणी आणि पेटीच्या एका टोकाला ३२ अंशांच्या आसपास ऊब हवी. आपल्या निफाडकडे हिवाळ्यात पारा दहाच्या खूप खाली जातो. गारठलेल्या सापाला अन्न पचत नाही, छातीही भरते. तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर हळद-काढा नको, सापांची माहिती असलेला पशुवैद्यच हवा. तो आधी शोधायचा, साप नंतर!

आयुष्यभर वर्गात घसा फोडून सांगितलं, साप दूध पचवू शकत नाही, तहानेने व्याकूळ केल्यावर पितो. १९७२ च्या कायद्यामुळे गारुड्याची टोपली गेली. मग आपली शिकलेली हौस परदेशी सापांकडे वळली. त्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करणं २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झालं, ते योग्यच. पण नोंद केली म्हणजे काळजी घेतली असं होत नाही.

गारुडी निदान पोटासाठी सापाचे हाल करायचा. आपण कशासाठी करतो? फोटोसाठी?

असो. नातू रुसलाय. पण पेटीवर चादर टाकून, दिवा लावून गेलाय.