पाटी दारावर हवी, फाइलीत नको

आपल्या इंदुरात पाहुणा आला की त्याला दोन ठिकाणी न्यावेच लागते. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफा. पुण्या-नागपूरचे नातेवाईक आले की आपण मोठ्या ऐटीत त्यांना हिंडवतो आणि २०१७ पासून आपले शहर स्वच्छतेत पहिले येत गेले, हेही सांगायला विसरत नाही. पण त्यातल्या एखाद्या वहिनींनी ‘अहो, इथे चटणीला पाणी कुठले वापरतात?’ असे विचारले, तर आपल्यापाशी उत्तर नसते. डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. तेव्हापासून हा प्रश्न एकट्या वहिनींचा राहिलेला नाही.

वास्तविक याचे उत्तर दुकानाच्या दारावरच मिळू शकते. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्याखालच्या एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेने हॉटेलांसाठी स्वच्छतेच्या श्रेणीची योजना आणली आहे. एक ते पाच हसरे चेहरे, ग्राहकाला दिसतील असे लावायचे. योजना चांगली, पण ऐच्छिक. शिवाय तपासणी करणाऱ्या खासगी संस्थेची फी हॉटेलवालाच भरतो. आता ज्याच्या स्वयंपाकघरात झुरळे आहेत तो फी भरून आपली परीक्षा कशाला करून घेईल? छप्पन दुकान आणि सराफा यांना स्वच्छ खाऊगल्लीचे प्रमाणपत्र मिळाले, त्याचा आम्हांला अभिमानच आहे. पण ते साऱ्या गल्लीचे. समोरच्या गाड्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आम्ही बँकेत खिडकीमागे बसणारे. आमच्या शाखेत व्याजदर, सेवाशुल्क, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव, सारे भिंतीवर लावावे लागते. मॅनेजरसाहेबांना आवडो न आवडो. तपासणीला कोण येणार हे शाखा ठरवत नाही. पैशाच्या बाबतीत जे आपण गृहीत धरतो ते पोटाच्या बाबतीत मागायला का लाजतो?

ब्रिटनमधल्या वेल्सने हे करून दाखवले आहे. तिथे नोव्हेंबर २०१३ पासून शून्य ते पाचपैकी मिळालेला अंक दारावर लावणे सक्तीचे आहे. शून्य मिळाले तर शून्यच लावायचे. फोनवर कोणी विचारले तरी खरा अंक सांगावा लागतो. पाटी लावली नाही तर २०० पौंडांचा दंड. दुकानदाराला अपील आहे, सुधारणा करून फेरतपासणी मागण्याची सोय आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये अंक मिळतो, पण लावणे ऐच्छिक. कमी अंकाची पाटी मग कपाटात जाते.

‘सक्ती केली की हप्ता वाढेल’, असे आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून नुसता अंक नको. तपासणीची तारीख, अधिकाऱ्याचे नाव आणि काय उणे आढळले तेही पाटीवर हवे. तारीख नसलेल्या शिक्क्याला आमच्या धंद्यात किंमत नाही. दुसरी गोष्ट, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या आपल्याच भगिनी आणि रस्त्यावरचे गाडेवाले यांना फेरतपासणी विनाशुल्क मिळावी. ज्या गाड्याजवळ नळच नाही त्याला शून्य देण्याआधी महापालिकेने नळ द्यावा.

मागणी कोणाकडे करायची यात घोटाळा नको. परवाने आणि तपासणी राज्याच्या अन्नसुरक्षा प्रशासनाकडे, तेव्हा सक्तीसाठी गाठायचे ते आमदारांना. पाणी आणि गटार महापालिकेचे. मागची महापालिका निवडणूक २०२२ ची, म्हणजे नगरसेवक पुन्हा हात जोडून आपल्या दारी यायला फार वेळ नाही. वर्गणी आणि पुष्पगुच्छ यांच्या जोडीला यावेळी हाही विषय काढावा.

आणि आपले स्वतःचे काय? मागे एका सभासदाच्या घरच्या मुंजीत जेवणानंतर पंधरा-वीस जण आजारी पडले. आचारी ठरवताना परवान्याचा क्रमांक कोणीच विचारला नव्हता, आम्हीही नाही. जेवण रुचकर होते, एवढेच सगळ्यांनी पाहिले. यंदाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या आचाऱ्याचा परवाना मंडपाच्या दाराशी लावला जाईल आणि टाकीच्या पाण्याची तपासणी आधी करून घेऊन तिचा अहवालही तिथेच लागेल. आमदारांना द्यायच्या निवेदनाचा कागद मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. सायंकाळी सहा ते आठ या वेळात येऊन सह्या कराव्यात.